गाडी गेटाशी थांबते तेव्हा

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

आज विजयादशमी. सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं. आमची पांढरी गाडी तेवढी मोकळी. आम्ही आज पांढरं नेसून विहारात जातो, गाडीची पूजा आमच्यात नाही. पण हे दरवर्षी या दिवशी पहाटे उठून गाडी धुवायचे. पूजा नाही, आंघोळ आहे, म्हणायचे. यंदा मी धुतली. टपावर हात पोचेना म्हणून स्टूल घेतलं. पहिल्या मजल्यावरचे आप्पासाहेब गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "ओव्हाळबाई, अर्धा टप राहिलाय." मला वाटलं खाली येतील. ते आत गेले.

ही डायरी विम्याचा एजंट दर जानेवारीत देतो. ह्यांनी एकही कधी लिहिली नाही, पण प्रत्येकीच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं. यंदाही घातलंय, मच्छिंद्र दगडू ओव्हाळ. पुढे सगळं कोरं. ९ मार्चला, रविवारी सकाळी, दाढी करता करता पलंगावर टेकले ते उठले नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. चौसष्ट वय.

प्रज्ञेश म्हणतो, आई, कुणाशी तरी बोलत जा. बोलायला मला जमत नाही. लिहून बघते. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं वाचन ह्यांचा डबा ज्या कागदात गुंडाळायचे त्यावर झालं. आधी कागद वाचायचा, मग गुंडाळायचा. कधी कधी त्यापायी डब्याला उशीर व्हायचा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

राधाताईंना डायलिसिसला नेऊन आणलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला सोडायचं, साडेअकराला आणायचं. तळमजल्यावर राहतात. सहासष्ट वर्षांच्या आहेत, एकट्या, मुलगी नाशिकला. जूनमध्ये रिक्षावाल्यांशी रोजची भांडणं ऐकून मीच म्हटलं, गाडी नुसती उभी आहे, मी नेते. त्या म्हणाल्या, "तू चालवतेस? मग विमा काढते आधी." पण बसल्या.

परत आलो. गेटातून वळून आमच्या जागेवर गाडी थांबवताना तो नेहमीचा आवाज आला. बारीक, लांबट, कुणी काचेवर नख ओढावं तसा. माझा हात आपोआप हलला. पातेलं घ्यायला हलतो तसा.

हे निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. बावीस वर्षं हिंजवडीच्या कंपनीची बस चालवली, मग या गाडीतून ऑफिसच्या दोन बायकांना खराडीला नेणं-आणणं. सहा वर्षं. संध्याकाळी सातला मी दुसऱ्या मजल्यावर ओट्याशी असायचे आणि खालून हा आवाज यायचा. मी चहाचं आधण ठेवायचे. हे लगेच वर यायचे नाहीत. गाडीत गाणं लागलेलं असलं की ते संपेपर्यंत बसतो, म्हणायचे, दहा मिनिटं तरी. जिना चढून आत येईपर्यंत चहा गाळलेला असायचा. सहा वर्षांत कधी निवला नाही.

आज मी गाडीत होते आणि आवाजही गाडीतच होता. वर कुणी नव्हतं. तरी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आप्पासाहेब जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमची गाडी आली की आमच्याकडे दूध नासतं. ब्रेक दाखवून घ्या." मी हो म्हटलं.

ह्यांचा मेकॅनिक ठरलेला, टिंगरेनगरचा साईनाथ. पण मार्चनंतर गाडीचं काहीही असलं की तो प्रज्ञेशला फोन करतो. प्रज्ञेशला कळलं की गाडी गेलीच. तो मे महिन्यापासून विकायची म्हणतोय. तेव्हा आत्ता नको. आवाजच आहे नुसता. गाडी थांबते.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रज्ञेश आला होता. हिंजवडीत तो ज्या बिल्डिंगीत बसतो तिच्या समोरच्या गेटाशी ह्यांची बस थांबायची. तो नोकरीला लागला तेव्हा हे एक वर्ष त्याच रस्त्यावर होते. बाप खाली स्टीअरिंगवर आणि मुलगा वर आठव्या मजल्यावर. दुपारी दोघं एकत्र जेवायचे, बसच्या मागच्या सीटवर. हे मला त्यानं आज सांगितलं. ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मग विषय निघालाच. म्हणाला, "आई, प्रॅक्टिकली विचार कर. एकोणसाठ वर्षांची आहेस. आळंदी रोडचं ट्रॅफिक मला झेपत नाही. राधाकाकूंना मी महिन्याची कॅब लावून देतो, हवं तर." वाईट बोलला नाही. त्याला भीती वाटते. आता एकच आई उरली, हे तो बोलत नाही पण दर तासाला फोन करतो त्यातून कळतं.

विचारलं, गाडी बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे.

त्यानं चक्कर मारायला किल्ली मागितली असती तर? नाही मागितली. चिवडा डब्यात भरून दिला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज भाऊबीज, राधाताईंचं मशीन मात्र चालू. त्या म्हणाल्या, मशीनला भाऊ नाही.

घरी येऊन गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. इंग्रजी आहे. विहाराच्या वाचनालयातला शब्दकोश दोन आठवड्यांसाठी आणलाय. ब्रेकचं पान लावायला दोन तास गेले. लिहिलंय की ब्रेक दाबताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला तर ब्रेक झिजल्याची खूण समजा आणि लवकर दाखवा. पुढे आणखी खुणा आहेत, गाडी एका बाजूला ओढणं, पेडल खोल जाणं, घासल्याचा आवाज. त्या आपल्या गाडीला नाहीत.

किंचाळणं हा शब्द मला पटला नाही. ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानं आमचं गेट ऐकलेलं नाही. पुस्तक सगळ्या गाड्यांसाठी असतं.

शब्दकोश उद्याच परत करीन. दोन आठवडे ठेवायची गरज नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज राधाताईंनी कौतुक केलं. त्यांचं कौतुक म्हणजे, "आज पोटातलं पाणी हललं नाही." डायलिसिसवाल्या बाईला हे म्हणायचा हक्क आहे.

मला चालवायला ह्यांनीच शिकवलं. लोहगावच्या बाजूला तेव्हा मोकळं माळरान होतं, तिथं रविवारी. मी पन्नाशीची, शेजारी हे, आणि मागच्या सीटवर पाण्याची बाटली. ह्यांचं एकच सांगणं, ब्रेकवर गाडी चालवतो तो ड्रायव्हर नाही. पुढचं लांबून बघायचं, पाय उचलायचा, चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. गाडी आपणहून शहाणी होते. ब्रेक फक्त शेवटच्या हातभर अंतराला. बावीस वर्षं साठ माणसं अशीच नेली, त्यातली निम्मी झोपलेली.

हल्ली मी तसंच चालवते. ब्रेकला जवळजवळ पाय लावत नाही. विश्रांतवाडीचा चौक ते दवाखाना, मोजून पाच-सहा वेळा. आणि मग शेवटी गेटाशी एकदा. तेवढ्यासाठीच जणू राखून ठेवते. आज दुसऱ्या गिअरनं गाडी इतकी सुंदर आवरली की शेजारी बघितलं. राधाताई होत्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागतो, गोलात उद्गारचिन्ह. वळणावर लागतो, सरळ झालं की विझतो. हँडब्रेक पुरता खाली गेला नसेल. मी तो दोनदा वर-खाली केला. हँडब्रेक लावला की हाच दिवा लागतो, हे मला माहीत आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवा लागला. हँडब्रेक खालीच होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आवाज आला नाही.

गेटातून वळले, जागेवर आले, पाय दाबला आणि गाडी गुपचूप थांबली. राधाताई उतरून घरी गेल्या. मी तशीच बसले. मग गाडी मागे घेतली, गेटाबाहेर नेली, पुन्हा आत आणली. जोरात दाबून बघितलं, हळू दाबून बघितलं. नाही. तिसऱ्यांदा आत येताना आप्पासाहेब गॅलरीत आले. म्हणाले, "ब्रेक केलेत वाटतं. शांततेबद्दल आभारी आहे." मी मान हलवली.

घरी आले. जेवले नाही. कपाटातला त्यांचा खाकी शर्ट काढून हँगर बदलला आणि परत ठेवला. त्याला वास राहिलेला नाही, मीच जुलैत धुतला. आठ महिन्यांत जे जे म्हणून त्यांचं होतं ते मी एकेक करून धुतलं, घडी घातली, कुणाकुणाला दिलं. सगळे म्हणाले, रतननं सावरलं. आवाज तेवढा मी कुणाला दिला नव्हता. तोही आज गेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आवाज आला, पण तो नव्हे. वाळूवरून घमेलं ओढावं तसा खरखर. आणि गाडी थांबताना डावीकडे जाते. आपला रस्ताच डावीकडे उतरता आहे.

राधाताई गेटाशी म्हणाल्या, "रतन, साईनाथला फोन कर." मी म्हटलं, करते. त्या म्हणाल्या, "कर म्हणजे आज कर." मी संध्याकाळी फोन हातात घेतला होता. प्रज्ञेशचा फोन आला, त्यात राहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सगळं लिहिणार. न लिहिता ठेवलं तर मी उद्या ते वेगळं आठवीन. माझी मला आता खात्री नाही.

साडेअकराला राधाताईंना घेतलं. मशीनवरून आल्यावर त्यांच्यात जीव नसतो, पट्टा लावून डोळे मिटून बसतात. डाव्या हातात सुई टोचायची शीर केलेली आहे. त्या हाताला धक्का लागायचा नाही, त्या हातानं काही उचलायचं नाही, तो हात गेला तर मशीन नाही आणि मशीन नाही तर राधाताई नाहीत. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

पुलाकडे उतरताना पुढे फुलांचा टेम्पो होता. मी लांबून बघून पाय उचलला, तिसरा टाकला, दुसरा टाकला. टेम्पो मधेच थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, जातच राहिलं, पायपुसणीला लागलं. खरखर झाली, गाडी डावीकडे ओढली आणि थांबली नाही. मी पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला. टेम्पोच्या मागच्या लाकडी फळीवर आम्ही आदळलो. जोरात नाही. दिवा फुटला, बॉनेटला घडी पडली. टेम्पोवाला उतरला, राधाताईंकडे बघितलं आणि शिवी गिळून परत गेला.

राधाताई पुढे वाकल्या होत्या. डावा हात छातीशी, त्यावर उजवा, त्यावर डोकं, सगळं अंग त्या हातावर पांघरलेलं. मी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी हळूहळू हात उघडला, दोन बोटं शिरेवर ठेवली. आत रक्त वाहत असलं की बोटांना थरथर लागते, त्यांनीच मला एकदा लावून दाखवलं होतं. किती वेळ त्या बोटं ठेवून बसल्या, सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "आहे."

मी माफी मागायला लागले. त्यांनी थांबवलं.

"तू फोन केला नव्हतास."

"नाही."

"मी तळमजल्यावर राहते, रतन. शनिवारी तू तीनदा आत-बाहेर केलंस ते मी बघितलं. मच्छिंद्रभाऊ यायचे तेव्हा खिडकीत मीही असायचे. मला कळत नाही का?" त्यांना दम लागला. थांबून म्हणाल्या, "मी आठवड्यातून तीनदा त्या मशीनला स्वतःला बांधून घेते ते जगायला. तुझ्या नवऱ्याच्या आवाजासाठी मरायला नाही."

आवाज त्यांनी चढवला नाही. उतरल्या, रिक्षाला हात केला आणि गेल्या. मला मागे वळून बघितलं नाही.

मी साईनाथला फोन लावला. तो येईपर्यंत पाऊण तास फुटपाथवर उभी होते. गाडीत बसवेना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साईनाथनं काल टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत, गाडी गॅरेजला नेली. आज मी गेले. त्याला सांगितलं, प्रज्ञेशला मी स्वतः सांगणार आहे, तू करू नकोस. तो म्हणाला, काकू, आधी हे बघा.

चाक काढून ठेवलं होतं. त्यानं लोखंडाची एक पट्टी माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, यावर बोटभर जाडीचं पॅड असतं, ते डिस्कला घासतं आणि गाडी थांबते. पॅड संपलं. लोखंड लोखंडावर घासत होतं, डिस्कमध्ये नांगरल्यासारख्या चऱ्या पडल्यात. तेलही खाली गेलं होतं, म्हणून लाल दिवा.

मी विचारलं, आधी बारीक आवाज यायचा, तो बंद का झाला?

त्यानं नव्या पॅडवरची एक छोटी वाकडी पत्री दाखवली. "हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो, काकू. पॅड संपत आलं की ही पत्री डिस्कला लागते आणि ओरडते. ड्रायव्हरनं गॅरेजला यावं म्हणून. तुमची तुटून पडली. गप्प झाली म्हणजे बरी झाली असं नसतं."

मी म्हटलं, पण ह्यांच्या वेळी तर सहा वर्षं रोज यायचा. साईनाथ हसला. काकांच्या गाडीला? एवढंच म्हणाला आणि मग हसायचं थांबला. आठवून बोलायला लागला. डिसेंबरच्या शेवटी हे त्याच्याकडे गेले होते, तोच आवाज घेऊन. दोन दिवसांपूर्वी सुरू झालाय म्हणाले. पॅड मागवावे लागणार होते. हे तिथल्या स्टुलावर बसले. थंडी होती आणि ह्यांना घाम आला होता. त्यानं पाणी दिलं. हे म्हणाले, पुढच्या सोमवारी आणतो, हल्ली जरा दमायला होतं. घरी बोलू नकोस, रतन घाबरते. पुढच्या सोमवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. साईनाथला वाटलं, दुसरीकडे केलं असेल. "काका असं करणारे नव्हते, काकू. आवाज आला की दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात. मी फोन करायला पाहिजे होता."

मी म्हटलं, तुझी काही चूक नाही.

रिक्षानं घरी येताना मोजलं. डिसेंबरचा शेवट ते ९ मार्च. दहा आठवडे. सहा वर्षं नव्हे. बाकी सगळी वर्षं गाडी आवाज न करता आली असणार आणि मी सातला घड्याळ बघून आधण ठेवत असणार. ते मला आठवतच नाही. शेवटच्या दहा आठवड्यांनी आधीचं सगळं पुसून टाकलं.

आणि दहा मिनिटं. दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी असते, खालचं कुणी खोकलं तरी ऐकू येतं. गाणं कधीच ऐकू आलं नव्हतं. हे जिना चढण्याआधी बसून दम घेत होते. ओरडायला ह्यांच्या छातीत तशी पत्री ठेवलेली नव्हती. मी वर साखर मोजत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रज्ञेशला बोलावून सगळं सांगितलं. आवाज, दिवा, टेम्पो, राधाताईंचा हात. त्याला बरी आहे म्हटलं ते खोटं होतं, हेही. मग साईनाथनं सांगितलेलं.

तो ओरडेल असं धरून बसले होते. तो ओरडला नाही. म्हणाला, "फेब्रुवारीत बाबांचा फोन आला होता. म्हणाले, जिना जड जातोय रे. मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे, रात्री करतो. रात्री केला तर म्हणाले, काही नाही, सहज."

हे तो नऊ महिने एकटा घेऊन फिरत होता. दर तासाच्या फोनचं कारण मला आज कळलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो बत्तीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस विरळ झालेत, ह्यांच्यासारखेच.

गाडी विकायची का, ते मीच विचारलं. म्हटलं, तू म्हणशील ते. तो म्हणाला, "ब्रेक होऊ दे. मग मी शेजारी बसतो, तू चालव. मग बघू." जाताना म्हणाला, २९ तारखेच्या शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तुझी आणि माझी. इसीजी आणि बाकी सगळं. मी कारण काढणार होते. काढलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडी मिळाली. नवे पॅड, नव्या डिस्क, नवं तेल. साईनाथ म्हणाला, नवे ब्रेक लगेच जोरात दाबायचे नाहीत. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्यायचा आणि हलका ब्रेक लावून कमी करायचा, असं वीस-पंचवीस वेळा, म्हणजे दोन्ही एकमेकांना बसतात.

प्रज्ञेशला शेजारी घेऊन लोहगावकडे गेले. माळरान राहिलेलं नाही, सगळीकडे बिल्डिंगा. एका अर्धवट रस्त्यावर गेलो-आलो. मी गिअरनं गाडी आवरायला जायचे, तो म्हणायचा, आई, ब्रेक. पायाला सवय नव्हती. ब्रेकवर विसंबायला पुन्हा शिकले. पंचवीस झाल्यावर तो म्हणाला, "मला येत नाही इतकं चांगलं." गाडीचा विषय पुढे निघाला नाही.

परत आलो. गेट, वळण, जागा. काही आवाज नाही. असणार नाही हे माहीत होतं, तरी मी कान देऊन होते. बहुतेक नेहमीच असेन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

राधाताई बारा दिवस रिक्षानं जातायत. दार वाजवलं तर उघडतात, बसा म्हणतात, पूर्वीसारखं बस नाही, चहाही देतात. गाडीचं बोलत नाहीत. मी ब्रेक केल्याचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या.

आज न विचारता साडेअकराला दवाखान्याबाहेर गाडी लावून उभी राहिले. त्या बाहेर आल्या, मला बघितलं, आणि पुढे जाऊन रिक्षात बसल्या. रिक्षाच्या मागे हळूहळू घरापर्यंत आले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारीही तेच. आज दवाखान्याबाहेर रिक्षा नव्हती, रिक्षावाल्यांचं काहीतरी भांडण चालू होतं. राधाताई पाच मिनिटं उन्हात उभ्या राहिल्या. मी दार उघडलं नाही, बोलावलं नाही. आपणहून आल्या. मागचं दार उघडून मागे बसल्या.

पाच महिने पुढे बसणारी बाई. मी आरशातून बघितलं, डोळे उघडे, उजवा हात डाव्यावर. सबंध रस्ता त्या माझ्या पायाकडे बघत होत्या, सीटच्या फटीतून. मी प्रत्येक सिग्नलला लांबून ब्रेक लावला, त्यांना दिसेल असा. उतरताना म्हणाल्या, "मंगळवारी सातला."

संध्याकाळी प्रज्ञेशबरोबर डॉक्टरांकडे गेलो. माझं ठीक. त्याचा रक्तदाब थोडा वाढलाय, गोळी सुरू केली. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर आम्ही दोघं बाकड्यावर बसून राहिलो. वेळेत हा शब्द आम्हाला दोघांनाही सोसला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी राधाताईंना सोडून विहारात जाऊन आले. मेणबत्त्या, शांतता, लहान मुलं पांढऱ्या कपड्यांत. दरवर्षी आम्ही दोघं उभे राहायचो ती जागा खांबाशेजारची. मी तिथंच उभी राहिले, ह्यांच्यापुरती जागा सोडून. मागून एका बाईनं विचारलं, इथं उभी राहू का? मी म्हटलं, राहा.

राधाताई अजून मागेच बसतात.

१३ डिसेंबर, शनिवार

आज फार थंडी. साडेअकरालाही ऊन अंगाला लागत नव्हतं. राधाताई बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. आज मशीनवर रक्तदाब उतरला होता, नर्स दारापर्यंत सोडायला आली. मी मागचं दार उघडून धरलं. त्यांनी ते लोटून दिलं आणि पुढचं उघडलं. म्हणाल्या, "मागे थंडी वाजते." बसल्या, पट्टा लावला. मी शाल दिली. चौकाच्या आधीच त्यांचे डोळे मिटले. आज उजवा हात डाव्यावर नव्हता, मांडीवर सैल पडला होता, तळवा वर.

वाटेत पुलाचा चढ, उतार, दोन सिग्नल, आडवी आलेली एक स्कूटी, भाजीची गाडी. सगळीकडे ब्रेक लावला. लावला तेवढा लागला.

गेटातून वळले, जागेवर आले, थांबले. राधाताईंची मान हलली नाही. श्वास एकसारखा चालू होता. गाडी थांबली हे त्यांना कळलंच नाही.

ह्यांना सांगायचं होतं. दुसरं काही नाही, एवढंच. बाई झोपलेली होती, आणि मी गाडी थांबवली, आणि तिला कळलं नाही.